एअरोट्रेन: बसचा सांगाडा रुळांवर आला, टायर रस्त्यावरच राहिले

प्रश्न असा आहे: “जनरल मोटर्सने 1955 साली अमेरिकेत एअरोट्रेन नावाची हलकी प्रवासी गाडी बनवली. दिसायला देखणी, वजनाला नेहमीच्या गाडीच्या निम्म्याहूनही कमी. तरी ती दहा-अकरा वर्षांत सेवेतून गेली. हलक्या गाडीची कल्पनाच चुकीची होती का?”

उत्तर आधी सांगतो, कारणं मग. हलकेपणाची कल्पना चुकीची नव्हती. चूक झाली ती वजन कुठून काढायचं हे ठरवताना. डब्याच्या सांगाड्यातून वजन काढलं, ते बरोबरच होतं. पण त्याच झपाट्यात डब्याखालच्या बोग्याही काढल्या आणि त्यांचं काम करायला दुसरं काही ठेवलं नाही. माझी 33 वर्षांची नोकरी माटुंग्याच्या कॅरेज वर्कशॉपमध्ये बोग्यांच्या कामात गेली. त्यामुळे या गाडीबद्दल वाचताना माझी नजर आधी तिच्या चाकांकडे जाते.

एक शब्द आधी नीट करून घेऊ. आपल्याकडे लोक डब्यालाच बोगी म्हणतात. मी बोगी म्हणेन तेव्हा डब्याखालचा चार चाकांचा गाडा समजा. शॉपमध्ये तिला ट्रॉलीही म्हणतात. नेहमीच्या डब्याखाली अशा दोन असतात, म्हणजे एकूण आठ चाकं.

आता ती गाडी. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेतले रेल्वे प्रवासी झपाट्याने कमी होत होते. लोकांच्या हातात मोटारी आल्या होत्या, लांबच्या प्रवासाला विमानं होती, आणि 1956 च्या जूनमध्ये तिथल्या महामार्गांच्या मोठ्या कायद्यावर सही झाली. तोट्यात प्रवासी गाड्या चालवणाऱ्या रेल्वे कंपन्यांना बांधायला स्वस्त, ओढायला स्वस्त अशी गाडी हवी होती. जनरल मोटर्सकडे एकाच छताखाली दोन गोष्टी होत्या: शिकागोजवळ ला ग्रेंजला डिझेल इंजिनांचा कारखाना आणि दुसरीकडे बस बनवणारा विभाग. त्यांनी दोन्ही एकत्र आणलं. आपल्या 40 आसनी लांब पल्ल्याच्या बसचा सांगाडा घेतला, तो 18 इंच रुंद केला आणि रुळांवर ठेवला. प्रत्येक डब्याला दोनच ॲक्सल (समोरासमोरच्या दोन चाकांना जोडणारा दांडा), म्हणजे चार चाकं. स्प्रिंगांच्या जागी बसमधले हवेचे फुगे. एका डब्याचं वजन 16 अमेरिकन टन, म्हणजे आपले साडेचौदा. असे दहा डबे, 400 प्रवासी, पुढे 1,200 अश्वशक्तीचं एक इंजिन. त्या काळचा तिकडचा पोलादी डबा एकटाच 60 टनांच्या घरात असायचा, हे लक्षात घेतलं की हा आकडा किती धाडसी होता ते कळतं.

रूप दिलं ते मोटारींच्या डिझाइन विभागाने. हार्ली अर्ल त्या विभागाचे प्रमुख होते आणि या कामाची जबाबदारी चक जॉर्डन या तरुण डिझायनरकडे होती. इंजिनाचं नाक विमानासारखं, शेवटच्या डब्याची पाठ त्या वर्षीच्या शेव्हरोले स्टेशन वॅगनसारखी. 1955 च्या सप्टेंबरात शिकागोत कंपनीचं ‘पॉवरामा’ नावाचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे लोकांनी ती पाहिली. माझं स्पष्ट मत आहे की इतकी देखणी डिझेल गाडी फार थोड्या वेळा बनली आहे. पुढे डिस्नेलँडमध्ये मुलांसाठी धावणारी छोटी ‘व्ह्यूलाइनर’ तिच्यावरूनच बनवली होती.

धावण्याचा इतिहास मात्र तोकडा आहे. दोन गाड्या बनल्या आणि कंपनीने त्या वेगवेगळ्या रेल्वेंना चालवून बघायला दिल्या. पेनसिल्वेनिया रेल्वेने 1956 च्या फेब्रुवारीपासून न्यूयॉर्क ते पिट्सबर्ग चालवली, न्यूयॉर्क सेंट्रलने शिकागो ते क्लीव्हलँड. सांता फेने लॉस एंजेलिस ते सॅन डिएगो चाचणी घेतली. युनियन पॅसिफिकने 1956 च्या डिसेंबरपासून लॉस एंजेलिस ते लास व्हेगास चालवली आणि पुढच्या सप्टेंबरात थांबवली. कुणीही ती ठेवून घेतली नाही. शेवटी 1958 मध्ये रॉक आयलंड रेल्वेने दोन्ही गाड्या घेतल्या आणि शिकागो ते जोलिएट या उपनगरी मार्गावर लावल्या. ताशी 100 मैलांसाठी बनलेली गाडी कामावर जाणाऱ्या-येणाऱ्यांना घेऊन स्टेशनागणिक थांबत धावू लागली आणि 1966 मध्ये बंद झाली. दोन्ही इंजिनं आणि मोजके डबे आज दोन संग्रहालयांत आहेत, एक विस्कॉन्सिनमधल्या ग्रीन बेला आणि एक सेंट लुईसजवळ.

माझी मुलगी शिकागोजवळ राहते. तिच्याकडे गेलो असताना हट्टाने ग्रीन बेला जाऊन आलो. बाकीचे लोक इंजिनाच्या नाकापाशी फोटो काढत होते, मी डब्याच्या टोकाशी गुडघ्यावर बसलो. दोन चाकं या टोकाला, दोन त्या टोकाला, मधे नुसती मोकळी जागा. जावई म्हणाले, “बाबा, काय शोधताय?” मी म्हटलं, “जे नाहीये ते बघतोय.”

ते काय नव्हतं, हे समजायला आधी आपल्याकडचं एक वाहन आठवा: मालगाडीच्या शेवटी लागायचा तो गार्डाचा ब्रेक व्हॅन. जुना ब्रेक व्हॅन चार चाकांचा, दोन ॲक्सलचा. नोकरीच्या सुरुवातीला, ट्रेनिंगमध्ये असताना, इगतपुरीहून मनमाडपर्यंत मी एकदा त्यातून गेलो. रिकामी मालगाडी होती, वेग बेताचाच. गार्डसाहेबांनी स्टीलच्या पेल्यात चहा दिला आणि म्हणाले, “अर्धाच घे.” का, ते पाच मिनिटांत कळलं. रुळाच्या दर जोडाला धक्का पायातून थेट दाढेत जायचा, आणि वेग वाढला की सगळा व्हॅन डावी-उजवीकडे शेपटी हलवल्यासारखा झुलायचा. उभं राहायचं तर दोन्ही हातांनी दांडी धरायची. गार्ड मंडळी अशा डब्यात बारा-बारा तास काढायची, त्यांच्या पाठीच्या तक्रारी मी पुढे कित्येक वर्षं ऐकल्या. नंतर आयसीएफच्या, म्हणजे चेन्नईतल्या पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या, बोग्यांवर बसवलेले ब्रेक व्हॅन आले. व्हॅन तसाच रिकामा, तसाच छोटा, पण खाली आठ चाकं. चहा पूर्ण पेला भरून पिता येऊ लागला. माझ्या दृष्टीने एअरोट्रेनच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर त्या दोन व्हॅनमधल्या फरकात आहे.

हा फरक कशाने पडतो ते बघू. समजा एका ठिकाणी रूळ 6 मिलिमीटर खचलेला आहे. चार चाकी डब्याचं पुढचं चाक त्यात उतरलं की ॲक्सल 6 मिलिमीटर खाली जातो, आणि स्प्रिंगेला तो सगळा 6 मिलिमीटर सोसावा लागतो. बोगीत तसं होत नाही. बोगीचं पुढचं चाक खड्ड्यात असतं तेव्हा मागचं अजून वर असतं. बोगीची चौकट तिरकी होते, पण तिचा मध्यबिंदू फक्त 3 मिलिमीटर खाली येतो, आणि डबा बसलेला असतो तो या मध्यबिंदूवर. म्हणजे एकही स्प्रिंग दबायच्या आधीच, नुसत्या भूमितीने धक्का अर्धा झाला. रुळाच्या प्रत्येक खोडीची अशी अर्धी वजाबाकी बोगी आयुष्यभर करत असते. आयसीएफ बोगीत दोन ॲक्सलमधलं अंतर 2,896 मिलिमीटर असतं. ही चौकट डब्याला किती जड पडते ते सगळ्यांना दिसतं, ती काय देते ते दिसत नाही.

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची, आणि इथेच बसवाल्यांची गफलत झाली असं मला ठामपणे वाटतं. हवेचे फुगे बसमध्ये उत्तम चालतात, यात शंका नाही. पण बसमध्ये ते एकटे नसतात. रस्ता आणि फुगा यांच्यामध्ये रबरी टायर असतो. खडी, बारीक खड्डे, रस्त्याची खरखर हे सगळं टायर गिळतो आणि फुग्यापर्यंत येते ती फक्त मोठी, संथ हालचाल. धक्का दोन पायऱ्यांत उतरतो. रेल्वेच्या डब्यातही दोन पायऱ्या असतात. चाकाच्या एक्सलबॉक्सवर (ॲक्सलच्या टोकाच्या बेअरिंगच्या पेटीवर) पहिली स्प्रिंग, आयसीएफमध्ये ती तेलाच्या डॅशपॉटसह, म्हणजे हालचाल शमवणाऱ्या नळकांड्यासह. मग बोगीची चौकट. मग बोल्स्टरखाली, म्हणजे डबा ज्या आडव्या तुळईवर टेकतो तिच्याखाली, दुसरी स्प्रिंग. आणि मग डबा. एअरोट्रेनमध्ये बसचा सांगाडा आला, बसचे फुगे आले, पण टायर आला नाही, कारण रुळावर पोलादी चाकच लागतं. आणि बोगी नसल्यामुळे रेल्वेची पहिली पायरीही आली नाही. उरली एकच पायरी. पोलादाची खरखर थेट फुग्यावर, तिथून पातळ पत्र्याच्या हलक्या सांगाड्यात, आणि तो सांगाडा ढोलासारखा वाजणार. लोकांनी तक्रार केली ती नेमकी हीच: गाडी खडबडीत चालते, हादरते, आवाज करते.

फुग्यांना दोष देणं बरोबर नाही, हेही सांगितलं पाहिजे. हलक्या डब्यात हवेची स्प्रिंग घालणं हा मुळात शहाणा विचार होता. 40 माणसं म्हणजे साधारण 2.8 टन. साडेचौदा टनांच्या डब्यात तेवढी माणसं बसली की वजन पाचव्या हिश्श्याने वाढतं. लोखंडी स्प्रिंग असती तर डबा रिकामा असताना ताठ आणि भरल्यावर बसका झाला असता. हवेच्या स्प्रिंगेत झडप असते, ती हवा आत-बाहेर करून डब्याची उंची राखते. आज मुंबईच्या लोकलमध्ये बसता तेव्हा खाली हेच फुगे असतात. चारशे माणसं कोंबून चढली तरी फलाट आणि पायरी यांचं नातं बिघडत नाही, ते या झडपेमुळे. पण लोकलमध्ये ते बोगीच्या वर, दुसऱ्या पायरीवर बसवलेले असतात. पहिली पायरी त्यांच्या खाली वेगळी असते. जनरल मोटर्सने जो फुगा 1955 मध्ये गाडीखाली लावला, तो बरोबर होता; त्याची जागा चुकली.

तिसरी गोष्ट शेपटी हलवण्याची. रेल्वेचं चाक सपाट नसतं, आतल्या बाजूला जाड आणि बाहेर निमुळतं असतं. आपल्याकडे हा उतार 1:20 ठेवतात. घरी करून बघा: चहाचे दोन कागदी ग्लास तोंडाला तोंड लावून चिकटवा आणि दोन समांतर काठ्यांच्या उतारावरून सोडा. ते पडत नाहीत, डावीकडे सरकले की आपोआप उजवीकडे वळतात, परत डावीकडे. हीच युक्ती गाडीला वळणावर सांभाळते. पण नीट बघा, ग्लास सरळ जात नाहीत, नागमोडी जातात. वेग वाढला की हे नागमोडी चालणं अनावर होऊ शकतं. आम्ही त्याला हंटिंग म्हणतो. बोगीत दोन ॲक्सल एका चौकटीत शेजारी-शेजारी बांधलेले असतात, ते एकमेकांना आवरतात, आणि चौकट व डबा यांच्यामध्ये घर्षण किंवा डँपर घालून उरलेली हालचाल दाबता येते. दोन ॲक्सलच्या डब्यात ॲक्सलला आवरणारं फक्त डब्याचं अंग असतं. डबा जितका हलका, तितका तो चाकांच्या मागे ओढला जातो. हलकेपणाचा हा तोटा कागदावर दिसत नाही, ताशी 100 किलोमीटरला दिसतो.

त्यात तिकडचे रूळ. आपल्याकडे सरळ मार्गावर दोन्ही रुळांचे जोड समोरासमोर ठेवायची पद्धत. अमेरिकेत रूळ 39 फुटांचे आणि जोड आडवेतिडवे, म्हणजे डाव्या रुळाचा जोड उजव्या रुळाच्या मधोमध. त्यामुळे डाव्या चाकाला धक्का, मग उजव्या, मग डाव्या. जोड थोडे खचलेले असतील तर डबा पाळण्यासारखा डोलू लागतो. 60 टनांचा डबा आपल्या जडपणाने बरंच पचवतो, साडेचौदा टनांचा पचवू शकत नाही. वेल्ड केलेले लांब रूळ सगळीकडे पोचायला अजून अवकाश होता. ही गाडी तिच्या रुळांच्या आधी आली, असं म्हणता येईल. पण गाडी बांधणाऱ्याने आहेत ते रूळ धरूनच बांधायची असते, हे मी माझ्या वरिष्ठांकडून शिकलो आणि पुढे प्रत्येक नव्या मुलाला सांगत आलो.

आता इंजिन. त्याला फक्त पुढच्या बोगीत दोन मोटर असलेले ॲक्सल होते, मागे एकच मोकळा ॲक्सल. 1,200 अश्वशक्ती म्हणजे त्या काळच्या, यार्डात डबे हलवणाऱ्या शंटिंग इंजिनाइतकी. सपाटीवर हलक्या गाडीला ती पुरते. चढावर प्रश्न येतो, कारण तिथे ताकदीइतकीच पकड लागते, आणि पकड म्हणजे मोटर असलेल्या चाकांवरचं वजन. वजन कमी करण्याच्या नादात ते चाकांवरून कमी झालं. सॅन डिएगोच्या चाचणीत सोरेंटोच्या चढाला मागून-पुढून मदतीचं इंजिन लावावं लागलं. लास व्हेगासच्या वाटेवर तर केजॉनचा घाट होता, तिथे चढ चांगलाच उभा आहे. आपल्याला हे नवीन नाही. कर्जत-लोणावळा आणि कसारा-इगतपुरी या दोन्ही घाटांत चढ 1:37 चा (37 मीटरला 1 मीटर), आणि बँकर इंजिनं, म्हणजे चढावर मदतीची जादा इंजिनं, लावणं हा आमच्या विभागाचा रोजचा व्यवहार होता. पण जी गाडी ‘स्वस्तात चालेल’ म्हणून विकली, तिला रोज दुसरं इंजिन आणि दुसरा चालक द्यायचा, तर हिशेब बिघडला. याच्या उलट उदाहरण बघायचं तर 2023 मध्ये सुरू झालेल्या मुंबई-सोलापूर आणि मुंबई-शिर्डी वंदे भारत बघा. त्या बँकरशिवाय घाट चढतात. तिथे निम्म्या डब्यांखाली मोटर आहेत, पकड सगळ्या गाडीभर वाटलेली आहे.

इंजिनातली एक गोष्ट मात्र काळाच्या पुढची होती. डब्यांतले दिवे आणि वातानुकूलन यांची वीज इंजिनातल्या वेगळ्या जनरेटर संचातून मागे जायची, डब्याखाली स्वतंत्र यंत्रणा नव्हती. आज आपल्याकडे इंजिनातून गाडीला वीज देण्याची पद्धत आली आहे आणि तिचं कौतुक होतं. ते योग्यच आहे.

रेल्वे चालवणाऱ्यांना जो त्रास झाला असेल तो मला सर्वांत जवळचा वाटतो. ही गाडी म्हणजे जोडलेला एकच रेक, डब्यांची अख्खी माळ. नेहमीच्या गाडीत एखादा डबा सिक मार्क झाला, म्हणजे नादुरुस्त ठरला, तर तो काढायचा, सिक लाइनला ढकलायचा, दुसरा लावायचा आणि गाडी वेळेवर सोडायची. रात्री दोन वाजता पिट लाइनवर (डबे खालून तपासायच्या मार्गावर) हे काम मी किती वेळा पाहिलं असेल त्याची मोजदाद नाही. एअरोट्रेनला दुसरा डबा लागायचाच नाही. तिकडे साध्या प्रवासी डब्याने टोकाकडून 8 लाख पौंड, म्हणजे सुमारे 363 टन दाब सोसला पाहिजे असं प्रमाण होतं. बसच्या सांगाड्याचा डबा अशा गाड्यांच्या रांगेत मिसळणं शक्यच नव्हतं. मग एक फुगा फुटला तर 400 प्रवाशांची गाडी उभी. सणासुदीला दोन डबे वाढवायचे म्हटलं तरी नाही. शिवाय इंजिन एकाच टोकाला, त्यामुळे प्रत्येक फेरीनंतर अख्खी गाडी त्रिकोणी मार्गावर नेऊन फिरवायची. ज्या रेल्वेकडे असे दोनच रेक, तिने त्यासाठी वेगळे सुटे भाग, वेगळे कारागीर कशाला पोसावेत?

एअरोट्रेन एकटी नव्हती. त्याच दोन-तीन वर्षांत अमेरिकेत अशा गाड्यांची लाटच आली होती. न्यूयॉर्क सेंट्रलचे रॉबर्ट यंग कित्येक वर्षं ‘ट्रेन एक्स’चं स्वप्न बाळगून होते. पुलमन-स्टँडर्डने ती 1956 मध्ये ‘एक्सप्लोरर’ नावाने बनवली, बुटके डबे आणि दोन डब्यांमध्ये एकच ॲक्सल. क्लीव्हलँड ते सिनसिनाटी चालली आणि पुढच्याच वर्षी थांबली. न्यू हेवन रेल्वेने 1957 मध्ये अशा हलक्या गाड्या घेतल्या, त्याही टिकल्या नाहीत. या सगळ्यांत बड कंपनीची ‘कीस्टोन’ बरीच जास्त धावली. तिचे डबे मधोमध खाली बसवलेले, स्टेनलेस स्टीलचे, आणि खाली नेहमीच्या बोग्या.

आणि हलकी गाडी जमते हे तर याच बडने वीस वर्षं आधी सिद्ध केलं होतं. 26 मे 1934 ला त्यांची तीन डब्यांची ‘झेफर’ डेन्व्हरहून शिकागोला 1,015 मैल न थांबता 13 तास 5 मिनिटांत आली, सरासरी ताशी 125 किलोमीटर, आणि तेही 600 अश्वशक्तीच्या डिझेलवर. तिथे वजन कसं वाचवलं? स्टेनलेस स्टीलचा पातळ पत्रा, स्पॉट वेल्डिंग, आणि दोन डब्यांमध्ये मिळून एक बोगी. बोग्यांची संख्या कमी केली, पण बोगी ठेवली. ते डिझेल इंजिन जनरल मोटर्सच्याच विंटन कंपनीचं होतं. म्हणजे घरातच धडा होता.

आता एक आक्षेप तुमच्या मनात येईल, यायलाच हवा: मग स्पेनची टाल्गो? तिने तर चाकं आणखी कमी केली. बरोबर. आलेखांद्रो गोइकोएचेया या इंजिनिअरची ही कल्पना, पैसा होसे लुईस ओरिओल यांचा, आणि पहिल्या प्रवासी गाड्या बनल्या त्या अमेरिकेत. 1950 पासून त्या माद्रिद ते फ्रान्सची सीमा धावू लागल्या आणि वीस वर्षं धावल्या. टाल्गोत दोन डब्यांमध्ये चाकांची एकच जोडी असते. पण त्या दोन चाकांना जोडणारा ॲक्सलच नसतो. प्रत्येक चाक आपलं आपण फिरतं, म्हणून कागदी ग्लासांची ती नागमोडी चाल जन्मालाच येत नाही. डबे जमिनीलगत, छोटे, आणि एकमेकांवर टेकलेले, त्यामुळे एक डबा दुसऱ्याला धरून ठेवतो. पहिल्या गाड्या एकाच दिशेने चालायच्या, ती अडचण होतीच. 1964 च्या पुढच्या पिढीत ती दूर केली आणि डब्यांमधल्या कोनावरून चाकांना वळवायची जोडणी आली. बोगी काढली, पण बोगी जी दोन-तीन कामं करायची ती एकेक करून दुसऱ्या कुणावर सोपवली. शिवाय गाडी बनवणारे तिची देखभालही स्वतः करत राहिले. चूक सापडली की ती थेट डिझाइनच्या टेबलावर जायची. एअरोट्रेनला हे भाग्य लाभलं नाही. सहा-आठ महिने एका रेल्वेकडे, मग दुसरीकडे, प्रत्येक ठिकाणी पाहुणी.

ही टाल्गो आपल्याकडेही येऊन गेली, तुम्हाला आठवत असेल. 2016 मध्ये नऊ डबे स्पेनहून जहाजाने मुंबई बंदरात उतरले. मथुरा-पलवल मार्गावर ताशी 180 किलोमीटरची चाचणी झाली आणि सप्टेंबरात शेवटच्या चाचणीत दिल्ली-मुंबई अंतर बारा तासांच्या आत कापून ती मध्यरात्रीनंतर मुंबई सेंट्रलला आली. मी तेव्हा निवृत्त झालो होतो, तरी गेलो. फलाटावर कॅमेऱ्यांची गर्दी होती. दोन डब्यांच्या फटीतून वाकून मी चाकं बघितली. दोन चाकं, मधे ॲक्सल नाही, आरपार मोकळं. शेजारी उभा एक तरुण खलाशी, म्हणजे रेल्वेतला मदतनीस, म्हणाला, “काका, हे चालतं कसं?” त्याला तिथेच वीस मिनिटं समजावलं.

तुमच्या प्रश्नाचा उरलेला भाग: ‘हलकेपणाची कल्पनाच चुकीची होती का?’ याचं सर्वांत भक्कम उत्तर आपल्याच घरात आहे. ज्या सप्टेंबरात शिकागोत एअरोट्रेन प्रदर्शनात उभी होती, त्याच्या पुढच्याच आठवड्यात, 2 ऑक्टोबर 1955 ला, पंडित नेहरूंनी पेरांबूरच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीचं उद्घाटन केलं. तिथे बनणार होता तोही हलका डबाच, स्वित्झर्लंडमधल्या श्लिरेनच्या कंपनीचं डिझाइन. ‘इंटिग्रल’ या शब्दातच सगळं आहे. जुन्या डब्यात खाली जड चौकट असायची, वजन आणि ओढ सगळी तिने सोसायची, वरची खोली नुसती बसवलेली. नव्या डब्यात छत, बाजूचे पत्रे, खालचा पन्हळी फ्लोअर हे सगळे मिळून एका नळीसारखं वजन सोसतात. म्हणून प्रत्येक भाग पातळ करता आला. त्या पन्हळी फ्लोअरशी माझी जुनी ओळख आहे. संडासाखाली तो नेमका गंजायचा, पीओएचला (ठरावीक मुदतीच्या मोठ्या दुरुस्तीला) आलेल्या डब्याखाली हातोडीने ठोकत जायचं आणि आवाज बद्द आला की तिथे खडूने गोल काढायचा. तेवढा तुकडा कापून नवा वेल्ड केला की डबा पुन्हा निघाला.

त्या डब्याखाली स्विस लोकांनी दोन पूर्ण बोग्या ठेवल्या, दोन पायऱ्यांच्या स्प्रिंगांसह. वजन वाचवलं ते वरच्या अंगात. हा डबा पुढे बासष्ट वर्षं बनत राहिला, शेवटचा 2018 च्या जानेवारीत बाहेर पडला, आणि आजही कुठल्या तरी गाडीला लागलेला तुम्हाला दिसेल. दिसला की फलाटाच्या टोकाला, जिथे उतार सुरू होतो तिथे उभे राहा. गाडी सुटताना चाकं जोडावरून जातील. एक्सलबॉक्सवरची स्प्रिंग टचकन दबेल, चौकट किंचित तिरकी होईल, बोल्स्टरची स्प्रिंग सावकाश खाली-वर होईल, आणि वर खिडकीत बसलेल्या माणसाच्या हातातला चहा तसाच राहील.